पूर्ण कोरडे

धुणं आणि वाळवणं ही दोन्ही कामं एकाच ड्रममध्ये करणारं मशीन सावकाश वाळवतं, यात रहस्य काहीच नाही. हे मी अधिकाराने सांगू शकते, कारण माझं पोट माहितीपुस्तिकांवर चालतं. कंपन्या मिक्सर, गीझर, इस्त्री, वॉशिंग मशीन यांच्या पुस्तिका पाठवतात आणि मी घरी बसून त्या मराठीत आणते. 'सदर उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये' हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा लिहिलं आहे की झोपेतही विरामचिन्हांसकट बरोबर लिहीन. सासूबाई मला 'पुस्तिकाबाई' म्हणायच्या. त्यांचं पोट बिघडलं तरी, "आमच्या पुस्तिकाबाईंना विचारा, त्यांच्याकडे तक्ता असेल," असं म्हणून स्वतःच खुदुखुदु हसायच्या.

तक्ता असतोच. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी अडचण, संभाव्य कारण आणि उपाय. 'कपडे वाळण्यास फार वेळ लागतो' या अडचणीची कारणं ठरलेली आहेत. कपडे जास्त भरले, जाळीत धागे अडकले, पिळणं कमी ठेवलं. ड्रम धुताना जेवढे कपडे पेलतो त्याच्या जेमतेम निम्मे वाळवताना पेलतो, हे पहिल्या पानावर ठळक छापलेलं असतं आणि ते कोणीही वाचत नाही.

आमच्याकडे हे मशीन हौसेने आलं नव्हतं. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. अंथरुणातच सगळं. चादरींना दिवसभर खळ नव्हता. ओल्या चादरीवर पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खिडकीबाहेर कपडे टाकायला इमारतीत मनाई. घरात दोऱ्या बांधल्या तर भिंतींना बुरशी. नवरा दूर कुठेतरी पुलाच्या कामावर, आठवड्याच्या शेवटी घरी येणारा. तेव्हा मशीन हवंच होतं.

ते ठेवायला जागा एकच होती. स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली यांच्यामधली बोळकंडी. नळ तिथेच होता. मशीनची पाठ त्यांच्या खोलीच्या भिंतीला टेकलेली, आणि भिंतीपलीकडे त्यांची उशी.

"दिवसभर कानाशी घरघर," त्या म्हणाल्या होत्या. "तुझ्या सासऱ्यांच्या घोरण्याची उणीव भरून काढलीस की!"

वाळवायचे दोन प्रकार होते, टायमर आणि सेन्सर. टायमरला कपड्यांचं काही कळत नाही, वेळ संपली की तो थांबतो. सेन्सर ओल मोजत राहतो आणि ओल संपली की मशीन आपोआप बंद होतं. मी कितीतरी पुस्तिकांत सेन्सरची तरफदारी केली आहे. नवऱ्यालाही मशीन आलं त्याच दिवशी शिकवून ठेवलं होतं, की टायमरच्या वाटेला जायचं नाही, बटण 'पूर्ण कोरडे'वर ठेवायचं आणि विसरून जायचं.

सुरुवातीला सकाळी लावलेलं मशीन दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचं. मग ते चहापर्यंत चालायला लागलं. मग दिवेलागणी झाली तरी फिरतच असायचं आणि मी कंटाळून हातानेच बंद करायचे. दार उघडलं की तोंडावर वाफ यायची. चादर गरमगरम, आणि ओली. पिळली तर बोटांतून पाणी.

मी माझ्याच तक्त्याप्रमाणे गेले. चादरी निम्म्या केल्या. जाळी टूथब्रशने घासली. पिळणं वाढवलं. शेवटी उशीचा एकच अभ्रा टाकून पाहिला. दुपारभर फिरून तो तसाच ओला बाहेर आला. मी तो हातात धरून बोळकंडीत उभी राहिले आणि मला रडावंसं वाटलं. अभ्र्यासाठी रडायला आलं म्हणजे माणूस किती थकलं असेल ते ओळखावं.

याच दिवसांत सासूबाईंना तहान लागायला लागली. दिवसभर पाणी मागायच्या. ओठ फुटले. हातांची कातडी पातळ आणि खरखरीत झाली. डॉक्टर आले, त्यांनी सलाइन लावलं.

"शरीरातलं पाणी फार कमी झालंय. पाजता ना नीट?"

"सारखी पाजते हो, डॉक्टर."

"मग जातंय कुठे?"

ते मला ठाऊक नव्हतं. लघवीही फारशी होत नव्हती. चादरी आता कमी खराब व्हायच्या आणि, सांगायला बरं वाटत नाही, मला तेवढाच दिलासा वाटला होता.

मग मी मेकॅनिकला बोलावलं. सर्दीने बेजार झालेला, नाक ओढत बोलणारा माणूस. त्याने मशीन पुढे ओढलं, ड्रम रिकामा केला आणि कोरड्या फडक्याने आतून पुसून काढला. गटारात सोडलेली नळी काढून बादलीत ठेवली.

"या मॉडेलला वाळवताना नळाचं पाणी लागत नाही, मॅडम. नळीतून जे येतं ते कपड्यांमधलंच. आता कपडेच नाहीत म्हटल्यावर काही यायला नको."

"माहीत आहे," मी म्हणाले. त्या मॉडेलची पुस्तिका मीच केली होती.

त्याने 'पूर्ण कोरडे' लावलं. ड्रम फिरू लागला. थोडा वेळ काही झालं नाही. मग नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला. तो पडला. दुसरा जमला. हळूहळू थेंबांची बारीक धार झाली.

त्याने नळ तपासला, बंद होता. त्याने नळाची जोडणीच काढून ठेवली. धार चालूच होती. आतून सासूबाईंनी पाणी मागितलं, म्हणून मी गेले. परत आले तर त्यांनी पुन्हा हाक मारली. मी खोली आणि बोळकंडी अशा येरझारा घालत होते आणि तो बादलीसमोर उकिडवा बसून होता. बादलीचा तळ कधीच झाकला गेला होता.

"घरात दमट फार असणार," शेवटी तो म्हणाला. "हवेतली ओल ओढतंय."

हवा कोरडी ठणठणीत होती. त्याच्या कोरडेपणाने सोललेल्या नाकावरूनही ते दिसत होतं. त्याने सेन्सर बदलला, नळ पुन्हा जोडला, पिशवी आवरली. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाला.

दारात चप्पल घालताना तो म्हणाला, "टायमरवर लावत जा, मॅडम. सेन्सरवर नको."

"का?"

"सेन्सर संपेपर्यंत चालतो ना." एवढं बोलून तो जिना उतरायला लागला.

मला थोडं हसूच आलं. सेन्सर संपेपर्यंत चालतो, हाच तर त्याचा गुण. मी सेन्सरवरच लावत राहिले. बादली मात्र तिथेच ठेवली.

त्यानंतर माझी नणंद आली. ती नवऱ्यापेक्षा मोठी, सगळे तिला ताई म्हणतात. खोलीत गेली आणि आईला पाहून तिचा चेहराच उतरला. तिने सासूबाईंच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटीची घडी तशीच उभी राहिली.

"काय गं हे? पाणी देतेस की नाही हिला?"

"देते हो ताई. विचारा त्यांना."

"विचारायचं काय? दिसतंय ना."

ताईने ऑफिसातून रजा घेतली आणि मुक्काम ठोकला. मशीनवर तिचा विश्वास नव्हता. "भाजून निघतात चादरी त्यात," म्हणत ती न्हाणीघरात हाताने धुवायची आणि दारं, खुर्च्या, जिथे जागा मिळेल तिथे पसरायची. पंखे गरागरा. घरभर ओल्या कापडाचा वास. आणि सासूबाई सुधारल्या. खरोखर सुधारल्या. ओठ भरले, डोळ्यांत पाणी दिसायला लागलं, मला चिडवायलाही लागल्या. मी तेवढंच पाणी पाजत होते, पण पेला ताईच्या हातात असायचा तेव्हाच लोकांना तो दिसायचा.

जाताना ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"मी काही बोलत नाही. पण पाहिलंस ना, नुसतं लक्ष दिलं तरी माणूस कसं सावरतं ते? पुन्हा ती अशी दिसली तर मी तिला घेऊन जाईन. आणि का नेली, ते चार लोकांना सांगेन."

मला संताप आला. त्याहून जास्त भीती वाटली, कारण तिने जे पाहिलं ते खरंच होतं. माझ्या हातात सासूबाई वाळत होत्या आणि तिच्या हातात भरल्या होत्या. इतकी वर्षं या बाईबरोबर राहिले. माझ्या बाळंतपणात मूल वाचलं नाही, तेव्हा एक अक्षर न बोलता रोज माझे केस विंचरले त्यांनी. आणि त्यांना मी तहानेने मारते आहे, असं चार लोकांत सांगितलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी चादरींचा ढीग होता आणि एका कंपनीची पुस्तिका द्यायची राहिली होती. मी मशीन लावलं. धुणं झालं, मी नळी बादलीत ठेवली, मशीन वाळवण्यावर टाकलं.

जरा वेळाने हाक आली. पाणी पाजलं. पुन्हा हाक आली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, जीभ टाळूला चिकटली होती. डोळ्याच्या कडेला एक अश्रू जमला होता. तो गालावर ओघळायला हवा होता. तो ओघळला नाही. माझ्यासमोर, जागच्या जागी, लहान होत नाहीसा झाला.

त्या काय म्हणू पाहतात ते घरघरीत कळेना, म्हणून मी मशीन बंद करून आले. त्यांनी आवंढा गिळला. जीभ सुटली.

मी बाई पुस्तिकांची. एखादी गोष्ट दोनदा केल्याशिवाय मी ती मानत नाही. पाण्याने भरलेली वाटी त्यांच्या उशाशी ठेवली, बाहेर जाऊन बटण दाबलं, परत येऊन पाहत बसले. वाटीतलं पाणी तसंच राहिलं. सासूबाईंचा खालचा ओठ मधोमध उलला. रक्त आलं नाही. मी धावत जाऊन मशीन बंद केलं.

परत आले तर त्या माझ्याकडे बघत होत्या.

"कळलं का, पुस्तिकाबाई?"

"काय?"

"तुझ्या तक्त्यात नाही ते."

बोळकंडीत बादली होती. तळाशी बोटभर पाणी, स्वच्छ, निवळशंख. मी वाकले. त्याला सासूबाई गुडघ्यांना चोळायच्या त्या मलमाचा वास येत होता. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट लागलं.

मी मशीनची पिन उपटून काढली. दुकानात फोन करून घेऊन जा म्हणून सांगितलं, ते शनिवारी येतो म्हणाले. नवऱ्याला फोनवर एवढंच सांगितलं की मशीन नीट वाळवत नाही, परत देतेय. आणखी काय सांगणार होते? तो दिवसभर सिमेंट आणि सळ्या यांचे हिशेब जुळवणारा माणूस. मी दमून भ्रमिष्ट झाले, असं त्याला वाटलं असतं. मला स्वतःलाही अधूनमधून तसं वाटत होतं.

आता चादरी हाताने. धुवायच्या, पिळायच्या, दारांवर टाकायच्या, उलटायच्या. ताईकडे रजा होती आणि पाठीत जोर होता. माझी मनगटं सुजली. चादरी वेळेवर वाळेनात, थोड्या दमट असतानाच घालाव्या लागायच्या, आणि सासूबाईंच्या कमरेपाशी एक लाल डाग उठला. त्या पाणी मात्र पूर्वीसारखं माफक मागायच्या. तेवढ्यावर मी तग धरून होते.

शुक्रवारी चादर पिळता पिळता मी बोळकंडीत खाली बसले आणि उठावंसंच वाटेना.

"इकडे ये," आतून आवाज आला. "बस जरा."

मी जाऊन पलंगाच्या कडेला बसले.

"तू दमलीस."

"नाही हो, आई."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. मीही दमले. छत बघून बघून दमले." त्यांनी माझ्या सुजलेल्या मनगटावर हात ठेवला. "ते लाव परत. रिकामंच लाव. आणि त्याचं ते थांबेपर्यंत मध्ये हात घालू नकोस."

"असलं काही बोलू नका."

"दुखत नाही गं त्याने. हलकं वाटतं. तहान तेवढी लागते, पण शेवटाला तीही जात असावी."

मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तुम्ही मला हव्या आहात, समजलं? कशाही हव्या आहात!" हे खरं होतं, देवाशपथ खरं होतं. पण ओरडले ते त्यासाठी नाही. त्या बोलल्या तेव्हा क्षणभर माझी नजर भिंतीकडे गेली होती, आणि ती जाताना त्यांनी पाहिली होती.

"उद्या नेणार आहेत ते मशीन," मी म्हणाले.

"उद्याच का?"

"हो."

"बरं." त्यांनी पाणी मागितलं, पेलाभर प्यायल्या आणि डोळे मिटले.

सकाळी नवरा आला. आईच्या उशाशी बसून पुलाच्या गमती सांगत होता, त्या हसत होत्या. मला मलमपट्टीचं सामान आणायचं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात ते नव्हतं, पुढच्या चौकापर्यंत जावं लागलं. परत येताना रस्त्याकडेला एक बाक दिसलं. त्यावर ऊन पडलं होतं. मी जरा टेकले. कोणी मला हाक मारत नव्हतं, कोणाला काही नको होतं. उठायचं आहे, उठायचं आहे, असं म्हणत मी बरीच बसून राहिले.

घरी आले तेव्हा घर शांत होतं. दारांवरच्या चादरी दिसल्या नाहीत.

नवरा बोळकंडीत उभा होता, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणारं हसू.

"कशाला परत देतेस ते मशीन? मस्त चाललं की. तू शिकवलंस तसंच लावलं. टायमर नाही, सेन्सर. आणि थांबलं आपोआप!"

पिन भिंतीत होती.

"चादरी वाळल्या?" मी विचारलं.

"तीच तर गंमत. चादरी ओल्याच आहेत. पण थांबलं मात्र आपोआप."

"तुला कोणी सांगितलं लावायला?"

"आईने. म्हणाली, तेवढ्या चादरी वाळवून ठेव, तिला आल्यावर बरं वाटेल."

"आई कशा आहेत?"

"झोपल्यात. मघा पाणी पाणी करत होत्या, पाजलं. मग म्हणाल्या, आता नको, आता बरं वाटतंय." तो मला चिडवायला आईला अहोजाहो करायचा. मी हसले नाही.

खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. मला ते ढकलवेना. मी बादलीकडे पाहिलं. रिकामी होती.

"यातलं पाणी कुठे आहे?"

"काठोकाठ भरली होती गं! एवढं स्वच्छ पाणी फुकट कशाला घालवायचं? फरशी पुसून काढली." तो आरशात बघावं तसा खाली बघत म्हणाला, "कशी चकचकीत झालीये बघ."

बोळकंडीची फरशी ओली होती. खोलीच्या उंबऱ्यापासून माझ्या पायांपर्यंत.

मी ओढणी काढली आणि खाली बसले. फरशीवर दाबली, उचलून बादलीवर पिळली. चार थेंब पडले. पुन्हा दाबली. भिंतीकडची फरशी कोरडी झालीच होती आणि तिची कड माझ्याकडे सरकत येत होती.

"अगं, हे काय करतेस?" नवरा म्हणाला. "ऊठ, राहू दे. वाळेल आपोआप."